कोरा फुगा

बंगळूरचं व्हाइटफील्ड म्हटलं की डोळ्यांपुढे काचेच्या इमारती येतात. पण या नावाचं मूळ गाव अजून आहे आणि त्याच्या मधोमध एक गोल आहे, इनर सर्कल. 1882 साली म्हैसूरच्या चामराज वडियार महाराजांनी अँग्लो-इंडियन मंडळींच्या संघटनेला इथे शेतीसाठी जमीन दिली. संघटनेचे डी. एस. व्हाइट यांचं नाव वसाहतीला मिळालं. वसाहत आखताना मधली जागा मोकळी ठेवली आणि घरं तिच्याभोवती बसवली. एखाद्या रविवारी सकाळी, वाहनांचा लोंढा सुरू व्हायच्या आत, तिथे जाऊन उभे राहा. घरांकडे नको, मधल्या जागेकडे बघा. कागदावर रेघ ओढताना कुणीतरी ठरवलं असणार की इथे काही बांधायचं नाही. तेवढंच मनात घ्या आणि चालू लागा.

आज आपल्याला चित्रकथेचं मूळ पान बघायचं आहे. दुकानात मिळतं ते पुस्तक नव्हे. ज्या कागदावर चित्रकाराने पेन्सिल टेकवली, शाई भरली, चुकलं तिथे पांढरा रंग लावला, तो कागद. लहानपणी आपण अशी शेकडो पानं भराभर उलटली आणि एकाचंही मूळ कधी पाहिलं नाही. पाहायला हवं होतं असंही नाही. ती पानं उलटण्यासाठीच काढलेली होती. म्हणून त्यांच्यासमोर थांबून राहणं हे थोडं त्यांच्या स्वभावाच्या उलट जाणं आहे. ही अडचण सुरुवातीलाच मान्य करू, म्हणजे पुढे उगाच भक्तिभाव येणार नाही.

शहरातली चित्रकथांची मोठी गर्दी खरं तर व्हाइटफील्डमध्येच होते. इथल्या केटीपीओ संकुलात अलीकडच्या वर्षांत कॉमिक कॉन भरतो. सुपरहिरोंचे पोशाख घातलेली पोरं, पोस्टरांचे गठ्ठे, सही घ्यायला रांगा, आणि एका बाजूला आपापल्या टेबलांमागे बसलेले तरुण चित्रकार, तिथल्या तिथे रेखाटून देणारे. मला ती जत्रा आवडते. पण तिथे मनन होणार नाही. मागून धक्का बसतो, पुढे सरकावं लागतं. जत्रेत जे बघायचं ते जत्रेच्या चालीने बघावं.

तेव्हा मेट्रो धरू. काडुगोडीचं व्हाइटफील्ड स्थानक जांभळ्या मार्गाचं टोक आहे, गाडी इथूनच सुटते, त्यामुळे बसायला मिळतं. 9 ऑक्टोबर 2023 ला मधला तुटलेला तुकडा जोडला गेला आणि इथून थेट ट्रिनिटीपर्यंत न बदलता जाता येऊ लागलं. होपफार्म, पट्टंदूर अग्रहार, नल्लूरहळ्ळी, कुंदलहळ्ळी, हूडी अशी स्थानकं येत राहतील. खिडकी म्हणजे चौकट, प्रवास म्हणजे चित्रकथा अशी उपमा सुचेलच. ती सोडून द्या. डोळे मिटायचीही गरज नाही. श्वासाकडे लक्ष देऊ नका, तो आपला चालतो. फक्त स्वतःला विचारा: छापील चित्रांपैकी आपल्या आत खोलवर बसलेलं पहिलं चित्र कोणतं?

उत्तराची घाई करू नका. बऱ्याच जणांना आधी पुस्तकाचं नाव आठवतं, मग मुखपृष्ठ, मग ते वाचायची जागा. चित्र सगळ्यांत शेवटी येतं. ते येईपर्यंत एखाददुसरं स्थानक जाऊ द्या.

घरात ‘चांदोबा’ येत असेल तर एक चित्र आठवावं लागणारच नाही, ते आपणहून पुढे येईल. रात्र, स्मशान, खांद्यावर प्रेत, हातात तलवार आणि चालत निघालेला राजा. ते चित्र के. सी. शिवशंकर यांचं. सही ‘शंकर’ एवढीच. 1947 च्या जुलैमध्ये मद्रासला ‘चांदमामा’ तेलुगू आणि तमिळमध्ये सुरू झालं. पुढे एकेक भाषा वाढत गेली, आपला ‘चांदोबा’ त्यातलाच. शंकर 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे रुजू झाले आणि पुढची कितीतरी दशकं तिथेच चित्रं काढत राहिले. 2020 साली ते गेले तेव्हा त्यांचं वय 97 होतं. पुढच्याच वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मश्री जाहीर झाली.

त्या चित्रावर थोडं थांबा. गोष्टीचा नियम आठवा. प्रेतातला वेताळ बोलतो, राजाने बोलायचं नाही. राजाच्या तोंडून शब्द निघाला की वेताळ परत झाडावर. दर महिन्याला तेच झाड आणि तीच वाट. हजारो मुलांनी हा न बोलणारा माणूस वर्षानुवर्षं पाहिला. गोष्ट खाली मजकुरात होती, चित्रात अक्षरांना शिरायला वावच नव्हता. त्यामुळे राजाचं गप्प राहणं तमिळमध्ये जसं दिसलं तसंच मराठीत दिसलं. मद्रासमध्ये काढलेली एक शांतता सोलापूरच्या वाड्यात न बदलता पोचली. बघता बघता कृष्णराजपुरा येईल, रेल्वेसाठी बरेच लोक उतरतील, डबा मोकळा होईल.

इथे बंगळूरची एक गोष्ट सांगून घेतो, कारण पुढे ती लागणार आहे. ‘अमर चित्र कथा’ म्हटलं की अनंत पै आणि मुंबई आठवते, आणि ते बरोबरच आहे. पै मूळचे कारकळचे, जन्म 1929 चा, आणि मालिकेला आकार दिला तो त्यांनी. पण इंग्रजी मालिकेचा पहिला अंक, राम वाईरकरांनी चितारलेला ‘कृष्ण’, याचा क्रमांक 11 आहे. मग एक ते दहा कुठे गेले? इंडिया बुक हाउसच्या बंगळूर शाखेतले जी. के. अनंतराम यांनी सांगितलेली हकिगत अशी की ते दहा आधीच निघाले होते, कन्नडमध्ये, परदेशी परीकथांचे, आणि ही सुरुवात 1965 ची. श्रेय कुणाचं हा वाद इतिहास लिहिणाऱ्यांनी बघावा. आपण फक्त तो आकडा बघू. अकरापासून सुरू होणारी मालिका. इंग्रजी किंवा मराठी वाचणाऱ्या मुलाला पहिले दहा कधी सापडले नाहीत. त्याच्यासाठी ती जागा रिकामीच राहिली, आणि कन्नड वाचणाऱ्यासाठी ती भरलेली होती.

इंदिरानगर, हलसूरु, ट्रिनिटी. उतरा.

महात्मा गांधी रस्त्याच्या आडबाजूला मिडफर्ड गार्डनमध्ये इंडियन कार्टून गॅलरी आहे. इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ कार्टूनिस्ट्स ही संस्था 2001 साली स्थापन झाली, गॅलरी त्यांचीच, 2007 पासूनची. इथे भारतातल्या आणि बाहेरच्या व्यंगचित्रकारांची प्रदर्शनं भरत असतात. आत शिरल्यावर पहिली सूचना, हसू आलं तर हसा. चित्रांच्या दालनात गंभीर चेहऱ्याने फिरायची आपल्याला उगाच सवय लागली आहे. शि. द. फडणीसांनी आपल्या प्रदर्शनाचं नाव ‘हसरी गॅलरी’ ठेवलं तेव्हा या सवयीवरच बोट ठेवलं होतं. त्यांची तर बहुतेक चित्रं एकाही शब्दावाचून उभी असतात.

इथल्या भिंतींवर मुख्यतः व्यंगचित्रं, म्हणजे एका चौकटीत आटपणारी गोष्ट. चित्रकथा ही त्यांची सख्खी बहीण, पण तिला पान लागतं आणि पानानंतर पान. आपलं पान आपण मनातच टांगू. भिंतीवरची एखादी मोकळी जागा निवडा. तिथे एक कागद कल्पा. चित्रकाराचं नाव नको, नाव आलं की आपण त्याच्या कीर्तीकडे बघत बसतो. 1970 च्या दशकात मुंबईत किंवा पुण्यात कुणीतरी टेबलावर वाकून काढलेलं एक पान. सहा चौकटी. पहिलीत नदीकाठचं गाव, लांबून. दुसरीत धावणारा मुलगा. तिसरीत दारावर पडणारी थाप, फक्त हात. चौथीत दार उघडणारी म्हातारी. पाचवीत अंधार. सहावीत मुलाचा चेहरा, जवळून.

आधी लांब उभे राहा. पान तुमच्या आठवणीपेक्षा मोठं आहे. असं काम छापायच्या मापापेक्षा मोठं काढतात आणि कॅमेऱ्याने लहान करतात. लहान होताना रेघा एकमेकींच्या जवळ येतात, थरथर लपते, सगळं नेटकं दिसू लागतं. म्हणजे लहानपणी आपल्याला जी सफाई दिसली तिच्यात थोडा वाटा अंतराचा होता. आणखी एक गोष्ट: पानाला रंग नाही. निळा कृष्ण, पिवळा पितांबर, लाल पागोटं हे सगळं पुढच्या टप्प्यावर, बहुतेक वेळा दुसऱ्याच माणसाच्या हातून. इथे फक्त काळं आणि कागदाचं पांढरं. आकाश कोरं आहे. तिथे निळा येणार आहे हे चित्रकाराला माहीत होतं, म्हणून त्याने हात आवरला. नदीत दोनच रेघा ओढल्या आणि थांबला.

आता दोन पावलं पुढे या आणि पाचव्या चौकटीतला अंधार बघा. छपाईत तो एकसारखा काळा होता. इथे तो एकच काळा नाही. मोठ्या ब्रशने शाई भरली तेव्हा फटकारे एकमेकांवर चढले. जिथे दोनदा हात फिरला तिथे चकाकी आहे, जिथे शाई कमी पडली तिथे करडेपणा. एका कोपऱ्यात ब्रश सुकत आला होता, केस फाकले, आणि कागद मधूनमधून डोकावला. या अंधारात दिशा दिसते. डावीकडून उजवीकडे भरत नेला आहे आणि चौकटीच्या कडेशी आल्यावर हात मंदावला आहे, कारण कड ओलांडायची नव्हती. त्या कडेवर नजर ठेवा. तिथे क्रोक्विलने, म्हणजे बारीक निबच्या टाकाने, आधी रेघ मारून घेतली होती, काळा रंग तिच्यापर्यंत आणून सोडला. ही सगळी मेहनत कुणाला दिसू नये म्हणून केलेली आहे. कॅमेऱ्याला ती दिसलीही नाही. त्याने काळं तेवढं काळं घेतलं. तुम्ही मात्र बघताय, आणि बघायचं कारण एवढंच की घाई नाही. इथे जितका वेळ लागेल तितका लावा. नजर भटकली तर भटकू द्या, ती परत याच काळ्यावर येते.

काळ्याखाली काही ठिकाणी पेन्सिल शिल्लक आहे. म्हाताऱ्या बाईचा हात आधी जरा वर होता, दाराच्या कडीवर, नंतर खाली आला. खोडरबर फिरला पण कागदाने दाबाची खूण ठेवली. काही चित्रकार फिकट निळ्या पेन्सिलने आराखडा काढतात, कारण छपाईच्या कॅमेऱ्यातल्या फिल्मला तो निळा दिसतच नाही, पुसायचा त्रास वाचतो. म्हणजे कागदावर असूनही पुढे न जाणाऱ्या रेघा. त्या वाया गेल्या असं म्हणावंसं वाटतं का? थोडा वेळ म्हणून बघा, मग सोडून द्या. त्या नसत्या तर शाईची रेघ कुठे टेकली असती?

सहाव्या चौकटीत मुलाच्या डोळ्याभोवती पांढरा रंग आहे. पोस्टर कलरचा पांढरा, थोडा पिवळटलेला, उठून आलेला. डोळा एकदा काढला, जमला नाही, झाकला, परत काढला. कडेने बघितलंत तर खालचा पहिला डोळा उमटलेला दिसतो. तो अधिक घाबरलेला होता. चित्रकाराने भीती कमी केली. का केली असेल, याचा तर्क करत बसू नका. पुढच्या पानावर काय होतं हे आपल्याला माहीत नाही, त्याला माहीत होतं.

मग समास. या भागावरून नजर झरझर गेली तरी चालेल, तिथे पान क्रमांक, कापायच्या खुणा, बाण, कुणाच्या तरी बोटाचा शाईचा ठसा असं ऑफिसातलं सगळं आहे. एवढंच ध्यानात घ्या की हे पान टेबलावरून टेबलावर फिरलं आहे. लेखकाची संहिता, चित्रकाराची पेन्सिल, शाई, लेटरिंग, रंग, मग कॅमेरा, प्लेट, छपाई. आपल्यासमोर आहे तो मधला एक मुक्काम. दालनात टांगल्यामुळे तो शेवटचा मुक्काम वाटतो, हा दालनाचा दोष.

आणि आता ज्यासाठी इथवर आलो ते. चौथ्या चौकटीत म्हातारीच्या डोक्यावर एक फुगा आहे. संवादाचा. त्याचं शेपूट तिच्या ओठांकडे गेलं आहे. आत काही नाही.

इथे थांबा. जेवढं थांबवेल तेवढं.

एकच चित्र चार-आठ भाषांत छापायचं असतं तेव्हा अक्षरं मूळ चित्रावर लिहून चालत नाही. ती वेगळ्या कागदावर करून चढवतात. कधी चिठ्ठी कापून फुग्यात चिकटवलेली असते, आणि वर्षांनी गोंद सुकला की चिठ्ठी गळते, मागे तपकिरी डाग राहतो. पण फुग्याची जागा चित्रकाराने आधीच ठरवलेली असते. पेन्सिल टेकवायच्या आधी त्याने संहिता वाचली, म्हातारी किती बोलणार याचा अदमास घेतला. एका भाषेत तीन शब्दांत होणारं दुसरीत पाच लांबलचक शब्द घेतं, हे धरून जागा थोडी सैल ठेवली. ती कुठून काढली बघा. म्हातारीच्या डोक्यामागे भिंत आहे, भिंतीवर कोनाडा काढायला वाव होता, कोनाड्यात पणती. तशी पणती काढणारा हात त्याच्याकडे होता हे पहिल्या चौकटीतल्या घरांवरून कळतं. त्याने कोनाडा सोडला. चित्राचा सर्वांत चांगला कोपरा दुसऱ्याच्या शब्दांना दिला. लेखकाच्या, भाषांतरकाराच्या, लेटरिंग करणाऱ्याच्या. त्यातल्या एखाद्या भाषेचं अक्षरही त्याला वाचता येत नसेल.

मनातल्या मनात तो फुगा भरून बघा. म्हातारी काय म्हणाली? “कोण रे?” “इतक्या रात्री?” तुमच्या आजीच्या आवाजात म्हणून बघा. मग तुमच्या व्हाइटफील्डच्या सोसायटीत शेजारी राहणाऱ्या आजींच्या आवाजात, कन्नडमध्ये किंवा तेलुगूत किंवा मल्याळममध्ये, शब्द येत नसले तरी नुसत्या सुरात. म्हातारीचा चेहरा प्रत्येकीला पुरतो का ते बघा. तिच्या भुवया जरा उचललेल्या आहेत, ओठ अर्धवट उघडे. राग म्हणाल तर राग, काळजी म्हणाल तर काळजी. हे कच्चं काम वाटू शकतं. मला ते हिशेबाने ठेवलेलं वाटतं. चेहरा पूर्ण बोलून मोकळा झाला असता तर शब्दांना करायला काही उरलं नसतं.

फुगा पुन्हा रिकामा करा. आता दुसऱ्या आणि तिसऱ्या चौकटीमधली पांढरी पट्टी बघा. मुलगा धावत होता, मग एकदम दारावर थाप. मधलं अंगण, पायऱ्या, धाप लागणं हे त्या बोटभर पट्टीत गेलं. अमेरिकन चित्रकथाकार स्कॉट मॅकक्लाउड यांनी 1993 सालच्या ‘अंडरस्टँडिंग कॉमिक्स’मध्ये या पट्टीवर बरंच लिहिलं आहे: चौकटींच्या मधलं वाचणाऱ्याने पुरवायचं असतं. लहानपणी आपण ते न शिकता पुरवलं. अंगणात तुळस होती की नव्हती ते आठवा. तुमच्या अंगणात होती. छापलेल्या पानावर नव्हती.

मला वाटतं मूळ पान बघण्याचा खरा फायदा इथे आहे. हाताची जादू, रेषेचं सामर्थ्य वगैरे स्तुती आपण ऐकत आलो आहोत आणि ती खोटी नाही. पण त्या हाताने काय केलं नाही, कुठे आखडता घेतला, हे छापील अंकात दिसत नाही कारण तिथे सगळ्या जागा भरून गेलेल्या असतात. आकाशात रंग आला, फुग्यात मजकूर आला, पट्टी ओलांडून आपण पुढे गेलो. मूळ पानावर त्या जागा अजून रिकाम्या आहेत. ‘अमर चित्र कथा’चे प्रताप मुळीक, दिलीप कदम, राम वाईरकर यांचं कौशल्य आपण शिवाजी महाराजांच्या घोड्यात किंवा कृष्णाच्या हसण्यात शोधतो. सुप्पंडीचं शेंगदाण्यासारखं डोकंही वाईरकरांचंच. मुळीकांनी तर पुढे राज कॉमिक्सच्या नागराजलाही रूप दिलं. ते कौशल्य घोड्याच्या वरच्या मोकळ्या भागातही तेवढंच आहे, फक्त तिथे बघायची आपल्याला सवय नाही.

एवढं झालं की मनात किंमत येईल. येऊ द्या, तिला हाकलून उपयोग नाही. 2021 च्या जानेवारीत पॅरिसला ‘टिनटिन’च्या ‘ब्लू लोटस’ पुस्तकासाठी एर्जे यांनी काढलेलं मुखपृष्ठ सुमारे 32 लाख युरोंना विकलं गेलं. ते मुखपृष्ठ म्हणून वापरलंच गेलं नव्हतं, छपाईला महाग पडेल म्हणून बाजूला पडलं होतं. एर्जे यांनी ते प्रकाशकाच्या लहान मुलाला दिलं आणि घडी घालून ठेवलेलं ते चित्र अनेक वर्षं त्या घरात राहिलं. पुढच्या वर्षी स्पायडरमॅनच्या काळ्या पोशाखाची गोष्ट सांगणारं 1984 सालचं एक आतलं पान अमेरिकेत 33 लाख डॉलरांवर गेलं. दुसरीकडे जॅक कर्बी. मार्व्हलचे निम्मेअधिक नायक ज्यांच्या पेन्सिलीतून उतरले त्या कर्बींना आपलीच पानं परत मागण्यासाठी वर्षानुवर्षं झगडावं लागलं. काढलेली पानं दहा हजारांच्या वर, 1987 साली हातात आली ती सुमारे दोन हजार. बाकीची कुठे गेली? प्लेट झाली की पानाचं काम संपलं, अशी समजूत सगळीकडेच होती. डीसी कॉमिक्सकडे तर मूळ पानं कापून टाकली जात.

हे आकडे मनात असू द्या आणि म्हातारीच्या फुग्याकडे परत बघा. 32 लाख युरो मिळाले म्हणून तो भरत नाही, आणि कापून टाकला असता तरी म्हातारी जिथे पोचायची तिथे पोचली होती. रागही येईल, कर्बींच्या बाजूने. तो योग्य आहे. पानामागे ठरलेलं मानधन घेऊन पान देऊन टाकणाऱ्या आपल्याकडच्या चित्रकारांच्या बाजूनेही यावा. फक्त रागात आणि मत्सरात गल्लत होते का ते तपासा, विशेषतः असं एखादं पान आपल्या दिवाणखान्यात हवं असं वाटत असेल तर. मला वाटतं. अनेकदा.

दालनातून बाहेर पडायच्या आधी एक लांबची फेरी मारू, कोकणात. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजातले लोक चित्रकथी सांगतात. चित्रांच्या पोथ्या असतात, कागदाला कागद पाठीला पाठ लावून केलेल्या. सांगणारा एकेक चित्र उभं धरतो आणि रामायण-महाभारतातली गोष्ट गातो, साथीला वीणा, टाळ, हुडूक. याच चित्रांना पैठण शैली असंही म्हणतात आणि पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात त्यातली जुनी चित्रं आहेत. सावंतवाडीच्या भोसल्यांचा या कलेला आश्रय होता. पिंगुळीचे परशुराम गंगावणे यांनी 2006 मध्ये आपल्या गुरांच्या गोठ्यात ठाकर आदिवासी कला आंगण हे संग्रहालय उभं केलं. त्यांना पद्मश्री मिळाली ती 2021 ची, म्हणजे चांदोबाच्या शंकरांचं नाव ज्या यादीत आहे त्याच यादीत त्यांचंही आहे. एका यादीत दोघे चित्रांतून गोष्ट सांगणारे, आणि वर्तमानपत्रांनी दोघांची सांगड घातल्याचं माझ्या वाचनात आलं नाही.

तिथलं एखादं चित्र मनात धरा. दोन योद्धे समोरासमोर, चेहरे एका बाजूने, डोळे मोठे, मुकुट उंच. फुगा नाही. त्याची गरजच नाही, कारण बोलणारा माणूस चित्राच्या मागे बसला आहे. तो चित्र धरतो, शब्द त्याच्या गळ्यातून येतात, रोज थोडे वेगळे, समोर मुलं जास्त असतील तर आणखी वेगळे. आपल्या पानावरच्या म्हातारीकडे हा माणूस नाही. ती छापून कुठल्या गावात, कुणाच्या मांडीवर उघडणार याचा पत्ता नव्हता, म्हणून चित्रकाराला आवाजासाठी चित्राच्या आतच जागा करावी लागली. पिंगुळीत ती जागा चित्राच्या बाहेर आहे, एका जिवंत माणसाएवढी. केळकर संग्रहालयात काचेमागे बघताना नेमकी तीच कमी जाणवते, आणि ती संग्रहालयाने भरून काढायची म्हटली तरी कशी काढणार?

मनातलं पान आता उतरवून ठेवा. परतीची गाडी ट्रिनिटीहून दर काही मिनिटांनी आहे. संध्याकाळी उभ्यानेच जावं लागेल. व्हाइटफील्डला पोचल्यावर घरातला एखादा जुना अंक काढा, ‘चांदोबा’, ‘अमर चित्र कथा’, महाबली वेताळाचं ‘इंद्रजाल’, जे हाताला लागेल ते. आणि तो हळू वाचू नका. आज शिकलेलं सगळं बाजूला ठेवून नेहमीच्या वेगाने वाचा, ज्या वेगासाठी तो काढला होता. शेजारी एखादं पोर येऊन बसलं तर पान त्याच्या हाती द्या. तुमचं वाचून व्हायच्या आत ते पान उलटेल, आणि तुम्ही थांब म्हणू नका.